साहेबांच्या मेजावरची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. आज अडगळीत धूळ खात पडले आहे. पण एके काळी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत, साहेबांच्या मेजावर माझा थाट होता. सिदू शिपाई मला चिंचेनं घासून लखलखीत करायचा. डोक्यावर बोट टेकलं की मी गोड वाजायचे आणि कारकून ईरण्णा आत यायचा.

ईरण्णा निजामाच्या अमलात उर्दू शिकलेला. त्याचं अक्षर पाहायला माणसं थांबायची. पुढं ते राज्य गेलं, मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, कारभार मराठीत आला आणि आले नवे साहेब. ईरण्णा मराठी अक्षरं डावीकडून काढायचा, पण वरची रेघ उर्दूच्या जुन्या सवयीनं उजवीकडून ओढायचा. साहेब सगळ्यांदेखत खिदळायचे.

"ईरण्णा, गाडीला बैल उलटे जुंपलेत वाटतं!"

"हात वळंना झालाय, साहेब. शिकायलोय की," ईरण्णा मान खाली घालून म्हणायचा.

ही थट्टा ऐकवायला साहेब दिवसभर मला बडवायचे. बोटानं नव्हे, तळहातानं! माझी टोपी सैल झाली, कड वर आली. पण मला जास्त झोंबला तो ईरण्णाचा अपमान. घरी तो लेकीच्या पाटीवर गिरवत बसतो, हे सिदूच्या तोंडून मी ऐकलं होतं. मी मनात डूख धरला.

एके दिवशी साहेब म्हणाले, "उद्या जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला येताहेत. तुम्हाला मराठी लिहिता येत नाही, तुम्हाला शिपाई करा, असं लिहून देतो." ईरण्णाचे डोळे भरले. साहेबांनी सिदूला बोलवायला मला दणका हाणला. मी कड रोखूनच बसले होते. तळहात चांगलाच फाटला! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

उजव्या हाताला चिंधी बांधून साहेब ईरण्णावरच खेकसले, "मी सांगतो, तुम्हीच लिहा. चुका कराल तेवढा पुरावाच होईल."

ईरण्णानं स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी ती वाचली. "मराठी येत नाही म्हणता? मग इतकं सुरेख लिहिलं कुणी?"

साहेबांनी चिंधीचा हात मेजाखाली दडवला. दारातून सिदूच बोलला, "ईरण्णानंच की, सरकार!"

मोठे साहेब पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर साहेबांना म्हणाले, "यापुढं तुमचं प्रत्येक पत्र यांना दाखवूनच पाठवा."

साहेबांनी त्याच दिवशी मला अडगळीत भिरकावलं. मला त्याचं काडीचं दुःख नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, वस्तू जपा आणि हाताखालची माणसं त्याहून जपा. आम्हाला हात नसतात, हे खरं. पण तुमचा हात रोज आमच्याच डोक्यावर येतो, हे विसरू नका.