अडगळीतल्या संगणकाची तारीख

गेल्या वर्षी बुवांनी मेलेला संगणक उठवला, तेव्हा रक्तपेढीच्या व्हरांड्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बुवा म्हणजे दात्यांच्या यादीचा प्रोग्रॅम देणाऱ्या कंपनीचा माणूस. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि पाच मिनिटांत पडदा उजळला.

"यंत्रालाही मन असतं," बोटं पुसत ते म्हणाले. "सोडून जायच्या गोष्टी केल्यात की रुसतं."

डॉक्टरसाहेबांनी खरंच दुसऱ्या प्रोग्रॅमची चौकशी केली होती. ते ओशाळले आणि वर्षभराचा नवा करार करून मोकळे झाले. टाळ्या पडल्या.

त्याआधी दोन दिवस दात्यांची यादी आत अडकून होती. जुन्या वह्या बुवांनीच रद्दीत घालायला लावलेल्या: "वही ठेवणं म्हणजे अविश्वास!" त्या दोन दिवसांत दुर्मिळ गटाच्या रक्ताची वाट बघत एक आजोबा गेले. नशीब, असं सगळ्यांनी त्यांच्या बायकोला, आजींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याच आजी बुवांना हात जोडून गेल्या. "निदान दुसऱ्यांचं तरी भलं झालं!" म्हणाल्या.

यंदा संगणक पुन्हा मेला; कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं दिसत होतं, बाकी पडदा काळा. तारीख तीच. खिडकीवर नोंदी घेणाऱ्या नोंदणीबाईंना ती पाठ होती; आजोबांची रक्ताची चिठ्ठी त्यांनी त्याच तारखेला घेतली होती.

बाकावर आईला टेकून सात वर्षांची चिमणी बसली होती. तिला दर महिन्याला रक्त लागे, आणि गटही तोच, आजोबांचा.

"बाई, नेहमीच्या दात्याला फोन करा ना," आई म्हणाली.

"नंबर आत आहे हो."

डॉक्टरांनी बुवांना फोन लावला. "गुरुवारी येतो," पलीकडून आवाज आला. "तोवर कुणी हात लावू नका. भयंकर रागावलंय ते."

सोमवार होता. डॉक्टर चिमणीकडे बघायचं टाळत होते.

एखादी वही उरली असेल म्हणून नोंदणीबाई अडगळीच्या खोलीत शिरल्या. तिथे नवख्यांना शिकवायचा जुना संगणक होता. प्रोग्रॅम तोच, नावं खोटी. आणि तो मजेत चालू होता.

"हा बरा रुसत नाही!" त्या पुटपुटल्या. "याला तर आम्ही रोज शिव्या घालतो."

"त्याला काय कळतंय?" झाडू मारता मारता मावशी म्हणाल्या. "त्याचं घड्याळ कधीच बंद पडलंय. अजून पाच वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो मेला."

नोंदणीबाई जागच्या जागी थबकल्या. मग पळतच बाहेर आल्या आणि मेलेल्या संगणकाची तारीख एक महिना मागे नेली.

यादी उघडली.

आधी त्यांनी फोन केला. दाता तासाभरात येतो म्हणाला. मग त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. "बघा साहेब." आजची तारीख घातली, पडदा मेला. मागची घातली, उठला. पुन्हा मेला, पुन्हा उठला.

"कसला राग नि कसलं मन! कराराची मुदत दर वर्षी याच तारखेला संपते. करार संपला की आपलीच यादी आपल्यापासून लपवायची, असं आत लिहून ठेवलंय. बुवा येऊन फक्त कराराची पुढची तारीख घालतात."

"मग आपल्याला कळलं कसं नाही?"

"प्रोग्रॅमचं झाकण उघडायची परवानगीच नव्हती ना! माझी जाऊ शाळेचं ऑफिस सांभाळते, तिथे ओपन सोर्स आहे. त्याचं आतलं लिखाण कुणालाही वाचता येतं. माणूस पटला नाही तर दुसरा बोलवा, यादी हवी तेव्हा बाहेर काढा."

"बिघडत नाही का ते?"

"बिघडतं की! पण बिघाडाला कुणी चमत्कार म्हणत नाही. चार जण बघतात, एकाला सापडतो."

चिमणीच्या आईने डोळे पुसले. "बाई, चमत्कारच केलात!"

"तेवढं म्हणू नका!" नोंदणीबाई तडकल्या. मग आवाज खाली आला. "गेल्या वर्षी आपण सगळे हेच म्हणालो. साहेब, आजींना आता काय सांगायचं? नशीब नव्हतं, तारीख होती?"

डॉक्टरांनी करार फाडला. संध्याकाळी ते आणि नोंदणीबाई, दोघेही आजींकडे गेले.

वाचकहो, ज्यावर जीव टांगलेत त्या यंत्रापुढे हात जोडू नका. त्याचं झाकण उघडून मागा. उघडून द्यायला जो नकार देतो, त्याला आधी विचारा: आत काय आहे?