सरकलेली गाठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी दिव्याच्या पाटीवर छातीचे दोन स्कॅन लावले आणि लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. पहिल्या चित्रात फुप्फुसातली गाठ पाठीकडे होती, दुसऱ्यात छातीकडे.

"सरकली! आमच्या नुसत्या फुंकरीने सरकली!" महाराज गरजले. "पुढच्या बैठकीला बाहेर पडेल. सुरी-कात्रीवाल्यांना म्हणावं, बसा घरी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीतल्या एका शिंप्यानेही टाळ्या वाजवल्या. स्कॅन त्याच्याच बायकोचे होते, पण त्याला ना आनंद झाला, ना भीती वाटली. तिला रक्ताचा कॅन्सर झाला, औषधांनी अंगातली ताकद गेली आणि फुप्फुसात बुरशी शिरली, तेव्हापासून त्याचं मन बधिरच होतं. कोणी काही सांगो, हा मान डोलवायचा. ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकला, असं सांगायला तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन इस्पितळात गेला.

सर्जनबाईंनी स्कॅन पाहिले. "हा दुसरा कुठे काढला?"

"महाराजांच्या ओळखीत," शिंपी म्हणाला.

"पालथं झोपवून," बायको म्हणाली. "पृथ्वीला छाती टेकल्याशिवाय गुण येत नाही म्हणे. जीव घुसमटला माझा, पण ऐकतंय कोण!"

बाईंनी औषधाची रिकामी बाटली उचलली. "दादा, लोकांचे कपडे शिवता आणि स्वतःचं बटण लोंबतंय. द्या इकडे." बटण आत टाकून त्यांनी बाटली आडवी धरली, मग पालथी फिरवली. दोन्ही वेळा बटण खालच्या अंगाला घरंगळलं.

"बुरशीने फुप्फुस पोखरून पोकळी केलीय. मेलेला गोळा तिच्यात सुटा पडलाय. माणूस उताणा तर गोळा पाठीकडे, पालथा तर छातीकडे. महाराज कशाला हवेत? शेजारची रक्तवाहिनी फुटली तर मात्र जीव जाईल. आणि हा भाग काढल्याशिवाय कॅन्सरचं पुढचं औषध द्यायला मी धजणार नाही."

बाईंनी शिंप्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलवली. बायको म्हणाली, "यांना काय विचारता? मला विचारा. करा ऑपरेशन."

पुढच्या बैठकीला शिंपी एकटाच गेला. फुप्फुसाचा तो तुकडा निघाला होता. कॅन्सर अजून होता, पण त्याचं औषध पुन्हा सुरू होणार होतं. महाराज तेच दोन स्कॅन दाखवून म्हणत होते, "आणि आता गाठ बाहेर पडली!"

शिंपी उठला. बोलायला लागला आणि त्याला रडूच फुटलं. लोक टाळ्या वाजवायचे थांबले.

"गाठ सर्जनबाईंनी काढली," तो म्हणाला. "सरकली ती बायकोला पालथं झोपवलं म्हणून. ती उताणी झोपली असती तर गाठ होती तिथेच दिसली असती. पालथं झोपवलं होतं, हे तिला माहीत होतं हो. आपण सगळे टाळ्या वाजवत होतो, तिला कोणी विचारलंच नाही. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर आधी त्यांना विचारा."