गुळगुळीत आकडे

"काल हे आकडे माकडासारखे उड्या मारत होते, सर. आज एवढे शहाणे कसे झाले?"

सरांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "शिकवलं थोडं शहाणपण."

ती हसली नाही. ओतकामाच्या कारखान्यात गणित करणारे सर आणि ती, दोघंच; ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. साच्यात वितळलेल्या लोखंडाचं अवाढव्य चाक ओतलेलं होतं. ते आतून कधी निवेल हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून संगणकात त्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि शेजारच्या चौकोनांवरून प्रत्येकाची पुढच्या क्षणाची उष्णता काढायची. वेळेचं पाऊल मोठं टाकलं की गणित बिथरतं: एक चौकोन भट्टी, तर शेजारचा बर्फ. उपाय एकच, पाऊल लहान करायचं आणि वाट बघायची. हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

आज पाऊल तेवढंच मोठं होतं, तरी चित्र लोण्यासारखं मऊ. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सर चहाला गेले तेव्हा तिने त्यांचा प्रोग्राम उघडला. एक ओळ नवी होती. दर पावलाला प्रत्येक चौकोनाची शेजाऱ्यांशी सरासरी काढली जात होती. दंगा मिटला होता खरा, पण चाकाच्या पोटातली धगही फुकटात बाहेर वाटली गेली होती. खरं चाक इतक्या लवकर निवणार नव्हतं, आणि आत धग असताना साचा फोडला तर ते फुटलं असतं.

तिने लहान पावलांचं गणित सुरू केलं. उत्तर संध्याकाळी येणार होतं, साचा दुपारी फुटणार होता. साचा फोडणाऱ्या टोळीचा मुकादम तिचा थोरला भाऊ होता.

"दादा, आज उघडू नकोस."

"तुझ्या सरांची सही आहे."

"त्यांचा आकडा खोटा आहे."

"आणि तुझा?"

"अजून आलेला नाही."

"म्हणजे नुसता संशय."

"हो."

दादा साच्याकडे वळला. मग घण घेऊन उभ्या असलेल्या माणसांना म्हणाला, "आधी जेवून घ्या. आणि सावकाश जेवा."

जेवण संध्याकाळपर्यंत लांबलं. उत्तर आलं: चाकाचं पोट अजून वितळलेलंच होतं. सरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

"मालकांना आजचा शब्द दिला होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला विचारायचंस."

"विचारलं होतं, सर."

चाक दोन दिवसांनी निघालं, अगदी धड. त्या दुपारी साचा फोडला असता तरी असंच निघालं असतं, असं लोक बोलले. तिच्याजवळ उत्तर होतं, पण दाखवायला फुटलेलं काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिचं नवं गणित कडेच्या चौकोनांत अडलं. सवयीने ती उठली आणि सरांच्या दारात गेली. त्यांनी स्क्रीन हळूच पलीकडे वळवली.

"काय हवंय?"

"काही नाही," ती म्हणाली. जागेवर येऊन तिने पहिल्या चौकोनापासून पुन्हा सुरुवात केली.