अर्धा तास पुढे

मित्रांनो, मी एक जुने चावीचे घड्याळ आहे आणि मी अर्धा तास पुढे आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण घरात येणारा प्रत्येक पाहुणा मला पाहतो, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहतो आणि मान हलवतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही. तबकडीवरचे नाव केव्हाच पुसून गेले. मला आठवते ते तंजावरच्या मेलवीथीतले हे घर आणि घरचे मालक सेतुमाधवराव. ते तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवत. पहिल्याच आठवड्यात त्यांची बस चुकली. त्या संध्याकाळी त्यांनी माझा काटा अर्धा तास पुढे सारला आणि तीस वर्षे तसाच ठेवला. बस पुन्हा चुकली नाही. त्यांच्या पत्नी कनकलताबाई मात्र रोज अर्धा तास वजा करून कुकर लावत, आणि कधी कधी वजा करायच्या ऐवजी मिळवून बसत.

"ह्या घड्याळास एकदां शहाणें करा," असे त्या म्हणत. राव निवृत्त झाले तेव्हा बस संपली आणि माझी बाजू लंगडी पडली. मला सरळ करायचे ठरलेच होते, तेवढ्यात त्यांची एकुलती एक लेक दिव्यश्री नोकरीसाठी कॅनडाला गेली.

सस्कॅचेवान प्रांतातले मूस जॉ नावाचे गाव. सपाट गव्हाची शेते, उणे तीसची थंडी, आणि वेशीवर सांबरासारख्या मूस नावाच्या जनावराचा तीन मजली पुतळा. "सांबाराचें गांव सोडून पोर सांबराच्या गांवीं गेली," असे राव येईल त्याला ऐकवत आणि स्वतःच आधी हसत.

तिचा पहिला फोन सकाळी सातला आला. "अप्पा, येथें साडेसात झाले. संध्याकाळचे."

राव माझ्याकडे वळले. माझ्यावरही साडेसात वाजले होते. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे नुसती तबकडी पाहिली तर अर्धा तास पुढे.

"अय्यो, कनका! हें मूस जॉचें घड्याळ!"

त्या दिवसापासून मला मान मिळू लागला. दर शुक्रवारी मऊ फडक्याने काच पुसली जाई. खरे तर मी काहीच केले नव्हते. होती तशीच टिकटिक करत होते. रोज सकाळी माझ्यावर साडेसात झाले की दोघे फोनपाशी बसत.

गेल्या वर्षी राव वारले. चावी देण्याचे काम कनकलताबाईंकडे आले. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता, लेक परत येणार की तिकडेच राहणार. "पोंगलापर्यंत सांगतें," असे दिव्यश्री म्हणाली होती. बाईंनी माडीवरची खोली रंगवून घेतली. पोंगल येऊन गेला. फोनवर थंडीचे बोलणे होई, गुडघ्याचे होई, न फुगणाऱ्या डोशाच्या पिठाचे होई. तेवढा एक विषय दोघी टाळत.

मग माझी कमान तुटली आणि मी बंद पडले. शेजारच्या मुरलीने मला घड्याळजी वैद्यनाथांच्या दुकानात नेले. हात चांगला होता त्यांचा. नवी कमान बसवली, तेल दिले आणि मोबाइलकडे बघून काटे अगदी बरोबर लावले. घरी आल्यावर मुरली म्हणाला, "मामी, आतां नेमका टैम दाखवतें!" सगळ्यांनी कौतुक केले. मला कसनुसे झाले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा माझ्यावर सातच वाजले होते आणि बाई दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, घालत होत्या. त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"कोठें होतीस, आई? भ्यालें मी!"

"घड्याळ नीट केलें न. म्हणून चुकलें."

दिव्यश्री हसली. "कां हलवलेंस? शेजारच्या प्रांतांत उन्हाळ्यास एकदां, हिवाळ्यास एकदां, असें वरुषांत दोनदां घड्याळ एक तास हलवतात. अमचे गांवांत कधीं हलवत नाहींत!"

हे तिने थेट वडिलांच्या तोऱ्यात सांगितले. आणि मग दोघींनाही ऐकू आले, ती काय बोलून गेली ते. अमचे गांवांत. पोंगलाचे उत्तर असे न विचारता आले होते. मला फार वाईट वाटले.

"आई..."

"ऐकतें, कण्णा." बाई म्हणाल्या. "अम्ही तरी कोठले? तीनशें वरुषांमागें महाराष्ट्रांतून येथें आलों, आणि तंजावर अमचें गांव म्हणतों. त्या येणाऱ्यांच्या आया पण तिकडे वाट पाहत बसल्या असतील. त्यांस तर फोनही नव्हता." मग म्हणाल्या, "जेवलीस कां?"

फोन ठेवून त्यांनी स्टूल ओढले. दुखरा गुडघा सावरत वर चढल्या, माझी काच उघडली आणि पिठाच्या बोटाने काटा अर्धा तास पुढे सारला.

मित्रांनो, कुणाच्या घरचे घड्याळ चुकलेले दिसले तर त्याला हात लावण्याआधी घरच्यांना विचारा. आमची धूळ जरूर पुसा, पण माझ्या काचेवर तांदळाच्या पिठाचा एक ठसा आहे, तेवढा राहू द्या. आणि चावी वेळेवर द्या. आता मला दोन गावे सांभाळायची आहेत.