वरच्या काकांना स्टेडी म्हटलं

चहा अर्धा कपच ओतायचा.

दाढी हल्ली न्हाव्याकडे.

शर्टाची बटणं बायकोनं लावायची. तिनं विचारलंच, तर काजं घट्ट आहेत म्हणायचं.

"काका, तुम्ही फार स्टेडी आहात."

हे शेवटचं नव्या इंजिनिअर मॅडम बोलल्या, भर शेडमध्ये, चारचौघांसमोर. वरचे काका नुसते हसले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये त्यांची हयात गेली, म्हणून सगळे त्यांना वरचे काका म्हणत. इतक्या वर्षांत स्टेडी कोणी म्हटलं नव्हतं. जो हलतच नाही, त्याला 'तू हलत नाहीस' असं मुद्दाम कोण सांगायला जातं?

घरी त्यांनी मुलीला विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"स्टेडी म्हणजे स्थिर, बाबा. भरवशाचा. एका लयीत चालणारा."

"आणि वाईट अर्थानं?"

"वाईट काही नाहीये त्यात."

"तुमच्या ऑफिसात कोणाला म्हणतात?"

"ज्याला बढती द्यायची नसते, त्याला."

"बघ. काहीतरी आहेच."

"अहो, कोणी चांगलं बोललं तरी तुम्हाला अजीर्ण होतं," बायको आतून म्हणाली. "मला तर तेवढंही कोणी म्हणत नाही."

"आजारी माणसालाही म्हणतात ना?"

"ते स्टेबल, बाबा."

"मग हाताला?"

"हाताला म्हणतात की. ऑपरेशन करणाऱ्याचा हात स्टेडी हवा."

काकांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी मॅडम शिडी चढून थेट केबिनमध्ये आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. खाली मिशा इशारे द्यायला सज्ज होता. त्याचं खरं नाव त्याच्या मिशीनं कधीच गिळून टाकलं होतं. काकांनी लोखंडी रोलर वीतभर उचलला. मिशानं मूठ वर केली, म्हणजे थांब. मनगटातली थरथर ओसरेपर्यंत काकांनी हात गुडघ्यावर दाबून धरला. खाली मिशाची मूठ उघडली. मग रोलर पाण्यावरून जावा तसा पलीकडे गेला.

"हे वीतभर उचलून थांबणं," मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम करता ना?"

"लोड शांत होऊ देतो."

"सगळ्या क्रेनना हाच नियम लावणार आहे मी. बाकीच्यांना तुम्हीच शिकवा."

त्या उतरल्या. शिकवायचं म्हणजे माणसं खेटून बसणार, हाताकडे बघणार. हा सरळ सापळा होता. आणि केबिनमधलं खालून दिसतं ते फक्त एकाच माणसाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मिशाला गाठलं.

"मॅडमचे कान कोणी भरले?"

"कशाबद्दल?"

"माझ्या हाताबद्दल."

मिशानं डब्याचं झाकण लावलं. "सांगायचं असतं तर रोज मूठ धरून कशाला उभा राहिलो असतो? हात थांबला की तुझा खांदा खाली येतो. तो दिसला की मी मूठ उघडतो."

"कधीपासून?"

"तू अर्धाच चहा घ्यायला लागलास, तेव्हापासून."

"अरे, पण लोड सुटला असता तर? तूच तर असतोस शेजारी."

"मग काय, मूठ धरायला दुसरा शोधावा लागला असता तुला," मिशा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

काका त्या दुपारी शिडी चढले नाहीत. मॅडमना म्हणाले, हात कापतो, वर दुसऱ्याला बसवा. मॅडमना ते खरं वाटेना. तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर हात पुढे धरला आणि लपवला नाही.

मग दुसरा क्रेनवाला वर गेला. काका खाली, मिशाच्या बाजूला उभे राहिले. रोलर वीतभर उचलला गेला आणि थांबला.

हात कापायला लागण्याआधी काका लोड उचलून कधीच थांबत नसत. त्यांच्याइतका घाईचा क्रेनवाला त्या शेडमध्ये दुसरा नव्हता.