मेन्यूतलं नाते

कंपनीच्या नव्या वेबसाइटचा आराखडा प्रियदर्शिनीनं एका मोठ्या कागदावर काढला होता. वर मुखपृष्ठ, त्याखाली पाच चौकोन, प्रत्येकाला फुटलेल्या फांद्या. महाड एमआयडीसीतल्या या रसायन कंपनीत ती दोन वर्षं कंत्राटावर होती. साइटचं काम बिनबोभाट पार पडलं की कायम करणार, असं ठरलं होतं. ते पत्र व्यवस्थापक राजेश सरांच्या खणात सहीची वाट बघत पडलं होतं.

"तक्रारीचं पान पाहिजेच, नियम आहे," सर म्हणाले होते. "पण आलेला माणूस थेट तिथंच पोचायला नको."

तिनं ते पान शाश्वतता, समाज, संवाद, अभिप्राय अशा चार पायऱ्यांच्या तळाशी नेऊन ठेवलं. काम चोख होतं. रविवारी गावी गेल्यावर तिनं साइट सोनबाकाकांना, आपल्या चुलत्याला, फोनवर दाखवली. काकांच्या शेताला लागूनच कंपनीचं पिंपांचं गोदाम. तिथल्या वासानं वाडीतल्या साऱ्यांचे डोळे चुरचुरत, आणि गेटवरचा वॉचमन अर्ज घेत नसे. साइट येतेय, तिथं लिहा म्हणे. काकांनी इथं तिथं बोट दाबून पाहिलं आणि फिरून मुखपृष्ठावर आले.

"परत दारातच आलो गो. घर बांधलंस का चकवा लावलास?"

ती हसली. काका हसले नाहीत.

सोमवारी साइटच्या वरच्या मेन्यूपट्टीत 'गुंतवणूकदार संबंध' काही बसेना. मोबाइलवर शब्द तुटून खालच्या ओळीत जाई. तोडगा सरांनीच काढला. "'नाते' लिहा. छोटं, आणि आपुलकीचंही वाटतं."

सर पुण्याचे, महाडात येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झालेले. रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. प्रियदर्शिनी त्याच गावची. तिची बोटं कळफलकावर थांबली. या पानावरचा अर्ज थेट मुंबईला, संचालकांकडे जाणार होता. गुंतवणूकदारांना ताटकळत ठेवायचं नाही, असा हुकूम होता. तिनं दोन अक्षरं टाइप केली आणि तोंड मिटून घेतलं.

साइट बुधवारी सुरू झाली. शुक्रवारी दुपारी सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. संचालकांना एक्केचाळीस अर्ज गेले होते. गुंतवणुकीबद्दल एकही नव्हता.

"आमच्या गावासाठी वेगळं पान दिल्याबद्दल आभार, असं लिहिलंय एकानं," सर म्हणाले. "हसं झालं माझं. पाचच्या आत तो शब्द बदला."

तिनं बदलला. 'गुंतवणूक' लिहिलं. दहा मिनिटांचंही काम नव्हतं.

सर तरी हलले नाहीत. "तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तुम्ही इथल्याच ना? गाव कुठलं तुमचं?"

"बिरवाडीत राहते, सर. खोली घेऊन."

खोटं नव्हतं ते. सर वळले, तेवढ्यात टेबलावर तिचा फोन वाजला. दुसऱ्यांदाही वाजला तेव्हा तिला तो उचलावाच लागला.

"गो प्रिया," काकांचा आवाज नेहमीसारखाच मोठा, "आमचा गाव कुठं गेला? सकाळी होता. राहीबाईचं लिवायचं राहिलंय, ती बसलीय इथं डोळं पुसत."

काय सांगायचं? वाट तिला पाठ होती. शाश्वततेपासून अभिप्रायापर्यंत एकेक पायरी तिनंच आखली होती. पण सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"कुणाचा फोन?"

"नात्यातला," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग घरी गेल्यावर बोला," सर म्हणाले आणि चालू लागले. दाराशी पोचल्यावर त्यांनी हातातले छापील अर्ज उलटून पाहिले. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकावर एकच पत्ता, मुक्काम नाते. ते सावकाश मागे वळले.

तिनं फोन आराखड्यावर पालथा ठेवला. आतून काका बोलतच होते.

"ऐकतंस ना गो? परत दारातच आलो मी."