चारशे बारा नंबरचा बिल्ला

सुमंगलाबाईंच्या मोबाइलमध्ये झाडाची सगळी चौकशी चार शब्दांत संपायची: निरोगी, रोगट, वाळलेलं, धोकादायक. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक झाडापुढं उभं राहायचं, फोटो काढायचा, बुंध्याचा वेढा मोजायचा, जात निवडायची आणि या चारांतल्या एकावर बोट ठेवायचं. बोट टेकलं की नकाशावर ठिपका उमटायचा. निरोगी असलं तर हिरवा, धोकादायक असलं तर लाल. लाल ठिपक्याचं झाड तोडायला लगेच परवानगी मिळते, ही बातमी मोजणी सुरू व्हायच्या आतच गावभर झाली होती. नळाला पाणी कधी सुटणार ते या गावाला कधीच आधी कळत नाही. हे मात्र कळलं.

बाई नगरपंचायतीत मूळच्या घरपट्टीच्या कारकून. लोक पट्टी का थकवतात याची कारणं ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. झाडांचं काम आलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. झाड निदान 'पुढच्या महिन्यात भरतो' असं तर म्हणणार नाही. पण जिथं झाड होतं तिथं त्याच्या मागं एक माणूस उभा होताच.

"बाई, आमच्या निंबाला लाल करून टाका," ओमप्रकाश मेडिकलवाला म्हणाला. "पाखरं बसायलेत. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर घाण पडायली."

"गिऱ्हाइकाला टोपी द्या. औषधासंगं फ्री."

अप्पाराव गुरुजींनी नोकरीभर पोरांकडून 'झाडे लावा'च्या घोषणा देऊन घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्या दारातला बदाम धोकादायक झाला होता.

"धोका काय आहे गुरुजी?"

"पानं पडतात."

"मग काय वर जातील?"

थोड्याच दिवसांत बाईंचा हिशोब पक्का बसला. चहात आलं घातलेलं असलं की झाड गाडीच्या आड येतंय. सोबत पोहे आले की दुकानाच्या पाटीच्या आड येतंय. आणि 'आता जेवूनच जा' असा आग्रह झाला की माणसाला झाडाच्या जागेवर घर सरकवायचंय. रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्या आधी चूळ भरायच्या. चहा वाईट नसायचा. तोंडाला त्याची चव नको वाटायची.

जेवूनच जा म्हणाले ते दिनकरराव.

दिनकररावांचं धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत टाइल्सचं दुकान. दुकानासमोर, सरकारी जागेवर, एक चिंच. दोन माणसांनी हात पसरून धरले तरी कवेत न मावणारी. चिंचेच्या बुडाशी कडूबाई आणि तिचा नवरा वैजीनाथ यांचं पत्र्याचं खोपट. दिवाळी झाली की दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचे, ते नेमके चिंचा झोडपायच्या दिवसांत. मग उन्हाळाभर कडूबाई सावलीत बसून चिंचा फोडायची, चिंचोके काढायची, गोळे करून बाजारात विकायची. तिच्या मतदान कार्डावर पत्त्याच्या जागी 'चिंचेजवळ' एवढंच लिहिलेलं होतं आणि पोस्टमनला ते पुरत होतं.

यंदा ट्रॅक्टरमध्ये बसायच्या आधी ती नगरपंचायतीत आली होती.

"बाई, झाडं मोजायलाव म्हनं तुमी?"

"मोजायलेय."

"माझी चिंच नीट लिवा. तो टाइलवाला माझ्याकडं नाही बघत, झाडाकडं बघतोय. झाड गेलं की माझं खोपट दिसतंय त्याच्या डोळ्याला. आमी सहा म्हैने न्हाई इथं. तुमीच बगा."

"बघते," बाई म्हणाल्या. कारकुनाच्या तोंडी हा शब्द लय स्वस्त असतो. पण या वेळी त्यांनी तो खरा करायचं ठरवलं.

त्यामुळं दिनकररावांकडच्या पुरणाच्या ताटाला नको म्हणून बाईंनी चिंच लिहिली: चिंच, निरोगी, वय अंदाजे शंभर. खिळा ठोकून पत्र्याचा बिल्ला लावला, चारशे बारा. नकाशावर हिरवा ठिपका उमटला. दिनकरराव हात जोडून म्हणाले, "कायद्यापुढं आपण कोण बाई?" एवढा लवकर नमणारा माणूस बाईंनी घरपट्टीच्या आख्ख्या नोकरीत बघितला नव्हता. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

मोजणीचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीकडून आलेल्या सारंग नावाच्या इंजिनिअरनं सुरुवातीलाच सभागृहात सगळ्या गावासमोर माहिती दिली होती. मोबाइलवरचा ठिपका तंतोतंत झाडावर पडत नसतो, दहा मीटर इकडं-तिकडं होतं, तेवढं चालतं, असं तो म्हणाला. लोक जांभया देत होते. दिनकररावांनी एकट्यानं प्रश्न विचारला, "म्हणजे दहा मीटरच्या आत काहीही असलं तरी ते तेच झाड?" सारंग खूश झाला. निदान एकानं तरी लक्ष देऊन ऐकलं होतं.

सव्वीस जानेवारीला लागून शनिवार-रविवार आले. सोमवारी बाई गल्लीत गेल्या तर आभाळ नको तेवढं मोठं दिसत होतं. चिंचेच्या जागी बुडखा, त्यावर भुसा. फांद्या, खोड, सगळं नेलेलं. आणि दिनकररावांच्या फाटकाशी, कंपाउंडच्या बाहेर, मनगटाएवढं एक अशोकाचं रोप होतं, गेल्या पावसाळ्यात लावलेलं. त्याच्या गळ्यात चारशे बारा नंबरचा बिल्ला. तारेनं बांधलेला, कारण खिळा ठोकला असता तर रोप फाटलं असतं.

बाई दारोदार फिरल्या.

"मी लग्नाला गेलतो. सेलूला," ओमप्रकाश म्हणाला.

"मी गंगाखेडला. लग्नच होतं," अप्पाराव गुरुजी म्हणाले.

"कोणाचं?"

"आता नाव... आमच्या हिच्या माहेरकडचं."

गल्लीतली सगळी घरं त्या तीन दिवसांत लग्नाला गेली होती आणि एकालाही नवरदेवाचं नाव सांगता येत नव्हतं. यंत्राच्या करवतीचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो. पण ऐकायला गल्लीत कुणी शिल्लकच नव्हतं. ओमप्रकाशची पाटी आता रस्त्यावरून दिसत होती. गुरुजींच्या गच्चीवरच्या सोलर पाट्यांवर ऊन येत होतं. दिनकररावांनी एकट्यानं चिंच खाल्ली नव्हती, सगळ्यांना वाढली होती.

बाई मुख्याधिकारी साहेबांकडं गेल्या. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा उघडला. गाव हिरव्या ठिपक्यांनी भरून गेलं होतं. खरं गाव एवढं हिरवं बघितल्याचं बाईंना आठवेना.

"चारशे बारा हिरवा आहे," साहेब म्हणाले.

"बिल्ला दुसऱ्या झाडाला बांधलाय साहेब."

"दहा मीटरच्या आत?"

"आत. पण ती चिंच होती, हा अशोक आहे."

"मग जात दुरुस्त करा. तुमच्याच लॉगिनला आहे ना?"

"आणि तोडल्याची तक्रार?"

"बाई, नकाशा जिल्ह्याला गेला. हरित गावाच्या स्पर्धेत आपण आहोत. झाड उभं आहे म्हणून तुम्हीच लिहून दिलंत. आता तोडलं म्हणून तुम्हीच लिहिणार?"

जात दुरुस्त करायला बोट हलवायचं होतं फक्त. बाईंनी ते हलवलं नाही. उघड नाही म्हणण्याची छाती त्यांच्यात नव्हती. पण काम कसं लांबवायचं हे कारकुनाला शिकवावं लागत नाही. आज नेट नाही, उद्या पासवर्ड चुकतोय, परवा कंपनीचा फोन लागत नाही. अशोक करून टाकला की गावात ती चिंच कधी नव्हतीच, हे त्यांना कळत होतं. आणि मग 'चिंचेजवळ' राहणारी बाई नक्की कुठं राहते, हा प्रश्न दिनकरराव पुढच्या आठवड्यात विचारणार, हेही.

महाशिवरात्रीचा सप्ताह झाला. काल्याच्या पंगतीला बाई बसल्या. वरण झकास होतं, दुसऱ्यांदा घेतलं. तेवढ्यात कर्ण्यावरून पुकारा झाला: "आजच्या महाप्रसादासाठी संपूर्ण सरपण श्री. दिनकरराव यांच्याकडून! चिंचेचं अस्सल लाकूड!" पंगतीनं टाळ्या वाजवल्या. बाईंच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पानात टाकावा तर प्रसाद, गिळावा तर गिळवेना. शेवटी पाण्याबरोबर गिळला.

पाडव्यानंतर कडूबाईचा ट्रॅक्टर आला. ती उतरली. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, जणू चुकीच्या गावात उतरवलंय. मग बुडख्याजवळ गेली. रडली नाही. इकडं-तिकडं बघता बघता तिला अशोकाच्या गळ्यातला बिल्ला दिसला. अंकांची तिला तोंडओळख होती. आणि दिवाळीनंतर बाईंनी फोनवरून तिला नंबर सांगितला होता, तो तिनं उसाच्या फडावर घोकला होता.

"माझ्या चिंचेचा बिल्ला तुझ्या गळ्यात कसा रं?" ती अशोकाला म्हणाली. वैजीनाथ 'अगं, अगं' करेपर्यंत तिनं बोचक्यातून कोयता काढला. ऊस तोडणाऱ्या हाताला मनगटाएवढं रोप म्हणजे काय? एक घाव. तार सोडवून बिल्ला तिनं कमरेला खोचला.

घटकाभरात गल्ली भरली. कुणीही लग्नाला गेलेलं नव्हतं.

बाई पोचल्या तेव्हा दिनकरराव फोनवर होते. "नोंदणीकृत झाड तोडलं साहेब! बिल्ल्यासकट!" त्यांनी फोन बाईंकडं दिला.

"पंचनामा करा. गुन्हा दाखल करायचा," साहेब म्हणाले.

"साहेब, अशोकाचं रोप आहे. मनगटाएवढं."

"रेकॉर्डला काय आहे? जात बदलली तुम्ही?"

"नाही."

"बरंच झालं. मग चिंच आहे. शंभर वर्षांची, निरोगी. चारशे बारा कुणी तोडलं? त्या बाईनं. संपलं."

ज्या चिंचेचा खून दोन महिने कुणी लिहून घ्यायला तयार नव्हतं, तो आता कडूबाईच्याच नावावर लिहायचा होता. तोही त्यांच्या अक्षरात, आणि त्यांनीच सांभाळून ठेवलेल्या नोंदीच्या आधारानं.

"पंच कोण होतंय?" त्यांनी विचारलं.

"मी!" ओमप्रकाश म्हणाला. "मी पण," गुरुजी पुढं सरसावले. दुकानाचा हमालसुद्धा सही करतो म्हणाला.

साक्षीसाठी एवढे हात वर झालेले बघून बाईंना त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"सांगा गुरुजी. काय बघितलं?"

"हिनं कोयत्यानं झाड तोडलं. समक्ष."

"कोणतं झाड?"

गुरुजींनी दिनकररावांकडं बघितलं. दिनकरराव म्हणाले, "रेकॉर्डला आहे ते. चिंच."

"आज सकाळी? आज सकाळपर्यंत चिंच उभी होती?"

"होती ना."

"ओमप्रकाशभाऊ, तुम्ही?"

"होती. रोज बघतो की."

"कडूबाई, तू?"

"तोडलं," कडूबाई म्हणाली. "लिवा. मीच तोडलं."

बाईंनी सगळं लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "आता मुद्देमाल. चिंचेचं लाकूड जप्त करायचंय. ट्रॉलीभर तरी भरेल. कुठंय?"

हमाल हळूच दुकानात शिरला.

"तुम्ही सह्या केल्यात, चिंच आज सकाळी तुटली. मग दिनकरराव, काल्याला दिलेलं चिंचेचं सरपण कोणत्या झाडाचं? गावात दुसरी चिंच नाही. मी सगळं गाव मोजलंय. कर्ण्यावर पुकारलेलं पाच हजार माणसांनी ऐकलंय, त्यात साहेबही होते. माझ्या पुढंच बसले होते पंगतीला. त्यांना फोन लावून विचारू का?"

ओमप्रकाश म्हणाला, "बाई, ती सही जरा..."

"पेनाची आहे. खोडत नाही."

दिनकरराव बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पंगतीत वाढताना असतो तसा झाला होता.

"जाऊ द्या बाई. गरीब बाई आहे. रागाच्या भरात झालं. आमची काही तक्रार नाही. साहेबपण म्हणायलेत, कागद फाडून टाका, प्रकरण मिटवा. तिच्या खोपटालाही कुणी हात लावणार नाही, माझा शब्द."

"दिलदार माणूस," गुरुजी म्हणाले आणि घोळक्यानं माना डोलावल्या.

बाईंनी कागद फाडला. कडूबाई सुटली होती, खोपट राहिलं होतं. यापेक्षा जास्त काही मिळणार नव्हतं हे त्यांना कळत होतं. तरी हाताला काहीतरी चिकटल्यासारखं वाटून त्या पदराला हात पुसत राहिल्या. लोक पांगले. दिनकररावांच्या दुकानातून बाईंसाठी चहा आला. त्यांनी तो हमालाला दिला.

कडूबाई खोपटाच्या दारात बसली होती. दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पसरलं होतं. पूर्वी ते तिथवर पोचायचं नाही.

"सुटलीस बाई," सुमंगलाबाई तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "केस झाली असती तर तालुक्याला खेटे घालून मेली असतीस."

"आन चिंचेचं काय लिवलं?"

"काही नाही. कागद फाडला ना."

कडूबाईनं कमरेचा बिल्ला काढला. अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसली, उलटा करून बघितला.

"केस झालेली चालली असती बाई मला," ती म्हणाली. "माझ्या नावावर का व्हईना, कुठंतरी लिवलेलं ऱ्हायलं असतं, की इथं चिंच होती आन कुनीतरी तोडली. आता कुनीच न्हाई तोडली."

बाईंनी परत पदराला हात पुसला.

"तुमी हुशार हाव," कडूबाई म्हणाली. "लय हुशार." आणि उठून पत्र्याच्या आत गेली.